सांगावा येईपर्यंत

माणूस नेमका कधी मरणार हे कळत नव्हतं, तोवर माणसं एकमेकांकडे येत होती. आज गेलो नाही तर पुन्हा तोंड दिसेल न दिसेल, असं म्हणून भर उन्हात एसटी पकडून येत होती. डबा आणत होती, उगाच पाय चेपत होती, उशाशी बसून जुनी भांडणं उकरत होती. मग शहाण्या लोकांनी ती वेळही शोधून काढली, आणि येणं संपलं.

जयमाला कोष्टीला हे कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. तिला ते खुर्च्यांवरून कळलं. चार नंबरच्या शेडमध्ये बावीस खाटा होत्या आणि प्रत्येक खाटेशेजारी नातेवाइकासाठी एक खुर्ची. पूर्वी खुर्च्या पुरत नसत, बाया फरशीवर पदर अंथरून बसत. आता रोज सकाळी जयमाला त्या खुर्च्यांवरची धूळ पुसायची.

इचलकरंजीत ही शेड सगळ्यांना ठाऊक. एके काळी इथे अठ्ठेचाळीस माग खडखडत होते. माग भंगारात गेले, एका ट्रस्टने शेड घेतली, चुना मारला, पंखे लावले आणि ज्यांच्या रोगावर काही उपाय उरला नाही अशांना ठेवून घ्यायला सुरुवात केली. ट्रस्टने दिलेलं लांबलचक नाव पाटीवर होतं, ते कुणी वाचत नव्हतं. इथलं काम सरळ होतं. बरं करायचं नाही, कारण होत नाही. दुखणं कमी करायचं, अंग पुसायचं, ओठ ओले ठेवायचे, भीती वाटली तर हात धरायचा. जयमालाने अठरा वर्षं हे केलं होतं आणि त्यातली शेवटची पाच वर्षं पट्टीच्या राज्यात.

पट्टी म्हणजे बोटभर लांबीचा चिकट तुकडा, छातीवर डाव्या बाजूला लावायचा. माणूस दिवा विझल्यासारखा एकदम विझत नाही. आधी मूत्रपिंड थकतं, यकृत थकतं, आणि जो कचरा ते बाहेर टाकत होते तो घामातून, कातडीतून पाझरायला लागतो. त्यातले काही रेणू फक्त शेवटच्या दिवसांतच दिसतात. हृदयाचंही तसंच. धडधाकट माणसाचं हृदय श्वास घेताना जरा भरभर चालतं, सोडताना जरा रेंगाळतं. मरण जवळ आलं की हे रेंगाळणं जातं आणि ठोके घड्याळासारखे एकसारखे पडतात. पट्टी घाम चाखते, ठोके ऐकते आणि तीस लाख माणसांच्या शेवटच्या महिन्यांशी ताडून बघते. मग रंग दाखवते, पट्टीवर नव्हे, सिस्टरच्या टेबलावरच्या पडद्यावर आणि घरच्यांच्या फोनवर. हिरवा म्हणजे अजून अवकाश आहे. पिवळा म्हणजे आठवडाभर. लाल म्हणजे एक दिवस, चुकलंच तर आठ तास इकडेतिकडे. लाल झाला की घरच्यांच्या फोनवर आपोआप निरोप जातो: ‘आपल्या माणसाचा शेवटचा काळ सुरू झाला आहे. कृपया यावे.’ सरकारने त्याला एक इंग्रजी नाव दिलं होतं. लोक त्याला सांगावा म्हणायचे.

डॉक्टर पूर्वी अंदाज करायचे आणि हटकून चुकायचे. महिना म्हणायचे, माणूस आठवड्यात जायचा. मुलं विमानातच असायची, इकडे चिता पेटायची. त्या हळहळीवर उपाय म्हणून ही पट्टी आली. हेतू वाईट नव्हता. पण जे लोकांनी केलं ते कुठल्या शास्त्रज्ञाने सांगितलं नव्हतं. रंग हिरवा आहे ना? मग आत्ता कशाला जायचं?

आणि लाल रंगातली बहुतेक माणसं बोलत नाहीत. गाड्या भरून नातेवाईक येतात, चमच्याने पाणी घालतात, रडतात. ते पाणी गळ्याखाली उतरत नाही, कानाकडे ओघळतं.

*

सात नंबरच्या खाटेवर शालन मगदूम होत्या. वय सहासष्ट, पोटाचा कॅन्सर. हिरव्या. त्यांचा मुलगा सुदर्शन पुण्याला मोटारींच्या कारखान्यात मोठ्या जागेवर. पुणे म्हणजे काही सातासमुद्रापार नव्हे, साडेचार तासांचा रस्ता. सत्तर दिवसांत तो एकदा आला होता, भरती करायला. फोन मात्र रोज, दुपारी सव्वा वाजता, जेवणाच्या सुट्टीत.

“आई, कशी आहेस?”

“आहे बाबा. तू कधी येतोस?”

“अगं, हिरवा आहे ना तुझा! सकाळीच बघितला मी. मग काय काळजी? पिवळा झाला की रजा टाकतो, लाल झाला की गाडी काढतो. सगळं ठरवून ठेवलंय.”

“जेवलास का?”

“जेवतोच आहे.”

“काय आहे डब्यात?”

“आई, मीटिंग आहे, ठेवतो.”

शालनकाकींनी फोन उशीखाली सारला. जयमाला त्यांच्या टाचांना तेल लावत होती.

“जयमाला, मी मरायला लागले की येणार तो. ऐकलंस ना?”

“तसं नाही ओ काकी.”

“तसंच आहे. मला काही त्याला मोठं सांगायचं नाही गं. ह्या खुर्चीवर बसवून जेवताना बघायचंय. खाताना डोळे मिटतो तो. लहानपणापासून. अजून मिटतो का, एवढंच बघायचंय.” त्यांनी छातीवरच्या पट्टीला नखाने डिवचलं. “ही हिरवी भवानी मध्ये आडवी पडलीय. हिला म्हणावं हो बाजूला.”

जयमाला हसली नाही. तिच्या स्वतःच्या आईला, दोन वर्षांपूर्वी, हीच पट्टी होती. आई गावी भावाकडे, जयमाला इथे परक्यांच्या टाचांना तेल लावत. रंग हिरवा, म्हणून दर रविवारी तिने जाणं पुढे ढकललं. लाल झाल्यावर गेली ती वेळेवर गेली. अगदी वेळेवर. आईने तिला ओळखलं नाही.

*

नऊ नंबरला मल्लाप्पा होते. मल्लाप्पा हुक्केरी, जन्माचे जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. तरुणपणी सीमेपलीकडून इथे आले ते इथलेच झाले. ह्याच शेडमध्ये त्यांनी बावीस वर्षं काढली होती. लग्न नाही, भाऊ नाही, पुतण्या नाही. फुप्फुसात कापसाची कणी आणि कॅन्सर. चहा आला की पहिला घोट घेऊन तोंड वाकडं करायचे.

“एवढी साखर! मला काय मुंग्यांच्या हवाली करतेस काय पोरी?”

“मामा, अर्धाच चमचा घातलाय.”

“तो बी कशाला घातलास?”

रोज सकाळी त्यांचा ठरलेला प्रश्न असायचा. “रंग काय?” जयमाला सांगायची. मग ते म्हणायचे, “लाल झाला की आधी मला सांग. दाढी करायची हाय.” शेडमध्ये काम करणाऱ्या बायांना ह्याची मोठी गंमत वाटायची. यमाला काय तुमची दाढी बघायची आहे मामा, असं त्या म्हणायच्या. मल्लाप्पा हसायचे आणि भिंतीकडे वळायचे.

भरतीच्या दिवशी फॉर्म जयमालानेच भरला होता. नातेवाईक? कुणी नाही. मग सांगावा कुणाला पाठवायचा? मल्लाप्पांनी कुरुंदवाडच्या स्टँडवरच्या एका हॉटेलचा नंबर दिला. “हॉटेलवाल्याला? तो कोण तुमचा?” “कुणी न्हाई. पण त्याला कळलं पायजे.” जयमालाला वाटलं, कुणीच नाही म्हणून बिचाऱ्याने चहावाल्याचा नंबर दिला. तिने तो लिहिला आणि विसरली.

*

मंगळवारी दुपारी तिने मल्लाप्पांचं पांघरूण सारखं केलं आणि तिला गुडघ्यांवर जांभळट नक्षी दिसली. अठरा वर्षांच्या डोळ्यांना ती पट्टीच्या आधी कळायची. पडद्यावर त्यांचं नाव अजून पिवळं होतं. तासाभरात लाल होणार होतं.

सात नंबरवर फोन चालू होता. “हिरवा आहे ना आई? मग झालं तर.”

जे करायचं ते जयमालाने उभ्या उभ्या ठरवलं. बाया मागच्या पडवीत जेवायला बसल्या होत्या. तिने मल्लाप्पांची पट्टी सोडवली, शालनकाकींच्या छातीवर लावली आणि शालनकाकींची पट्टी मल्लाप्पांच्या. नव्या पट्ट्या माणसाचे ठोके ओळखतात म्हणे. शेडला मिळाल्या होत्या त्या जुन्या. नाव पट्टीत कोरलेलं, अंग कुणाचंही.

“काय करतेस?” शालनकाकी म्हणाल्या.

“भवानीला बाजूला करतेय. गप पडून रहा.”

पाऊण तासाने पडद्यावर मगदूम हे नाव हिरव्यावरून थेट लालवर गेलं. अशी उडी पडली की यंत्राला शंका येते. त्याने विचारलं: रुग्णाला पुन्हा तपासले का? जबाबदार व्यक्तीने अंगठा लावावा. जयमालाने साडीला हात पुसून अंगठा लावला. पुण्यात सुदर्शनचा फोन वाजला.

आता पट्ट्या परत बदलायला हव्या होत्या. पण बदलल्या असत्या तर मगदूम पुन्हा हिरवा झाला असता, ‘प्रकृती स्थिर’ असा निरोप गेला असता आणि तो बहाद्दर साताऱ्यावरून माघारी फिरला असता. आणि मल्लाप्पांचं काय? त्यांचा सांगावा अडला तर अडतं कुणाचं? एका चहावाल्याचं. तिने हा हिशेब केला आणि तो तिला बरोबर वाटला.

*

सुदर्शन संध्याकाळी सातला आला. तोंड उतरलेलं, हातात गंगेचं पाणी आणि तुळशीची पानं, प्लॅस्टिकच्या डबीत. आत आला तो दारातच थबकला. आई उशीला टेकून बसली होती आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला लसणाची चटणी कशी कुटायची ते सांगत होती.

“आलास?” शालनकाकी म्हणाल्या. “वाळलास की रे.”

“आई, तू... सिस्टर, हिला तर...”

“कधी कधी शेवटी अशी तरतरी येते,” जयमाला म्हणाली. हे खरंच होतं, फक्त इथे नव्हतं. “बसा. बोलून घ्या.”

तो बसला. आधी नुसता रडला. मग आईने दटावल्यावर जेवला. शेडच्या स्वयंपाकघरातली भाकरी आणि आमटी. पहिला घास घेताना त्याने डोळे मिटले. शालनकाकींनी जयमालाकडे बघितलं. त्या नजरेसाठी जयमालाने आणखी दहा खोटे अंगठे लावले असते.

सकाळपर्यंत मायलेकरांचं बोलणं चालू होतं. मध्येच हसणं. कुठल्या तरी शिक्षकाची नक्कल. सुदर्शनने आईची वेणी घालायचा प्रयत्न केला आणि तिने त्याची अक्कल काढली.

नऊ नंबरवर मल्लाप्पांचा श्वास लांबत चालला होता. सकाळी आठला त्यांनी डोळे उघडले.

“पोरी. रंग काय?”

जयमालाने पडद्याकडे बघितलं. हुक्केरी हे नाव हिरवं होतं. शालनकाकींच्या अंगावरचं हिरवं.

“हिरवा हाय, मामा.”

“हिरवा?” त्यांनी वाढलेल्या दाढीवरून हात फिरवला. “काल पिवळा हुता न्हवं?”

“सुधारलाय.”

“मला तर वाटायलंय जवळ आलंय.” त्यांची नजर दाराकडे गेली, तिथेच थांबली. “पण पट्टी कशाला खोटं बोलंल. अजून बोलवायची येळ न्हाई मग. बरं.”

बोलवायची. जयमालाने तो शब्द ऐकला. पण तेवढ्यात सात नंबरवर शालनकाकी मोठ्याने हसल्या आणि तिने वळून तिकडे बघितलं. अजून तासभर, ती स्वतःशी म्हणाली. त्याला अजून तासभर बसू दे.

मल्लाप्पा दहा वाजून चाळीस मिनिटांनी गेले. डोळे दाराकडेच होते.

*

जयमालाने लगेच पट्ट्या परत बदलल्या. हुक्केरी हे नाव काळं झालं, कुरुंदवाडच्या हॉटेलला निरोप गेला: ‘निधन झाले.’ मगदूम हिरवं झालं. सुदर्शनचा फोन वाजला, तो पडवीत गेला, निरोप वाचला. त्याने आत आईकडे बघितलं. मग कंपनीत फोन लावला आणि म्हणाला, “नाही सर, अजून लालच आहे. काही सांगता येत नाही. रविवारपर्यंत तरी नाही येत.”

जयमालाला हसू यायला हवं होतं. ती मल्लाप्पांची पिशवी आवरत होती. आत एक इस्त्री केलेला पांढरा सदरा, एकदाही न घातलेला. वस्तरा, साबणाची वडी, आरसा. आणि एक कांडी, मागावर सूत भरायची, जुनी, तेलकट, तिच्यावर अजून सूत होतं. हे सामान माणूस यमासाठी ठेवत नाही.

सकाळचा तो शब्द तिला आता कळला: बोलवायची. तिने कोमट पाणी आणलं आणि मल्लाप्पांची दाढी केली. सदरा घातला.

दीड वाजता एक बाई आली. साठी उलटलेली, इरकली लुगडं, हातात स्टीलचा डबा. दारातून ती खाटा मोजत आली, सरळ नऊपाशी, जणू जागा तिला माहीत होती.

“मी इंदुबाई. कुरुंदवाडची,” ती म्हणाली. “बंडू हॉटेलवाला एवढंच म्हणाला, सांगावा आलाय. धावत आले.”

मल्लाप्पांच्या तोंडावर चादर नव्हती. ती त्यांच्याकडे बघत राहिली. तिला कळलं. तिने पालथा हात त्यांच्या गालावर ठेवला, मग तळवा.

“दाढी कुणी केली?”

“मी.”

“कधी?”

जयमालाने मल्लाप्पांच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

“कधी केलीस बाई? त्यांनी सांगितल्यावर, का मागनं?”

“मागनं,” जयमाला म्हणाली.

यंत्र चुकलं, असं म्हणता आलं असतं. यंत्रं चुकतात, सगळे मान घालून ऐकतात. पण तो तळवा गालावर तसाच होता. जयमालाने सगळं सांगितलं. पट्ट्या, अंगठा, सात नंबर, सकाळी विचारलेला रंग, दाराकडचे डोळे. काही गाळलं नाही.

इंदुबाई खुर्चीवर बसली. मग बोलली ती मल्लाप्पांकडे बघून.

“कांड्या भरायची मी, हितंच. ह्यांचा माग हितं हुता, मी त्या खांबाला. माझं लगीन ठरलं तवा हे काय बोलले न्हाईत. बोलायला पायजे हुतं. आता घरात मालक हाय, सून हाय, नातवंडं हायत. मला एकदाच बाहेर पडता येणार हुतं. डोळं दाखवायला इचलकरंजीला जाते, एवढं एकच निमित्त. रोज रोज डोळं कुणाचं दुखतात? ह्यांनी निरोप धाडला, उगा येऊन जाऊ नगंस, पट्टी सांगंल तवा ये. दोन महिने मी घरात डोळं चोळत बसले. सांगावा येईपर्यंत.” तिने मान वर केली. “लोकांना ती पट्टी नकोशी असंल. आमाला तेवढीच हुती.”

“चुकलं माझं,” जयमाला म्हणाली. “मला वाटलं, त्यांना कुणी नाही.”

“तुला वाटलं.”

“ट्रस्टला सांगा. मी रजिस्टरमध्ये माझ्या हाताने लिहिते. नोकरी जाऊ दे.”

“तुझी नोकरी घेऊन मी काय करू?” इंदुबाईचा आवाज चढला, शेडमधल्या माना वळल्या. “माझा तास दिलास तू दुसऱ्याला! तुला माफ करत बसायला मला येळ न्हाई. तीनची गाडी हाय. पडदा वढ आणि जा हितनं.”

जयमालाने पडदा ओढला. पडद्याबाहेर उभी राहिली आणि कुणालाही जवळ येऊ दिलं नाही. आतून हळू आवाजात बोलणं सुरू झालं, घरातलं, साधं. गाय व्याली. नातू नापास झाला. बोलताना मध्ये जागा सुटत होत्या, जणू पलीकडून कुणी हुंकार देत होतं.

पावणेतीनला इंदुबाई बाहेर आली. कांडी तिने कनवटीला लावली होती. डोळे कोरडे, पण खरंच लाल, घरी दाखवायला पुरेसे.

“ती सात नंबरची बाई कोणती?”

जयमालाने बोट केलं. सुदर्शन आईचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. इंदुबाईने तिकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

“खीर हाय, खपली गव्हाची,” ती म्हणाली आणि डबा जयमालाच्या हातात दिला. “परत घेऊन गेले तर घरात इचारतील. तिला दे. तिला तोंड हाय अजून.”

ती गेली. जयमालाने रजिस्टर उघडलं, जे केलं ते तारीख-वेळ घालून लिहिलं आणि खाली तोच अंगठा उठवला. मग डबा घेऊन सात नंबरवर गेली. खीर अजून कोमट होती. सुदर्शनने आईला चमचा भरवला.

शालनकाकींनी जिभेवर घोळवली. “कुणाच्या घरची गं? झालीय छान. पण गूळ कमी पडलाय.”

जयमाला नऊ नंबरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती.

“पडला नाही, काकी,” ती म्हणाली. “त्यांना कमीच लागायचा.”